परत आलेल्या प्लेटा

मी पाहुण्यांच्या प्लेटांमधलं उरलेलं खात होतो. दोन वर्षं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण शेवटी लिहायचं ठरवलं तर मी तिथपर्यंत पोचणारच नाही.

मी दीपक. वय अडतीस. राहायला लोणावळ्यात, कामाला खंडाळ्याच्या एका रिसॉर्टवर. बुफेचा कॅप्टन. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मांडून घ्यायचं, कुठलं भांडं रिकामं होत आलंय ते बघायचं, वाढणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचं आणि पाहुण्यांसमोर हसायचं. घरी बायको सुषमा, नऊ वर्षांची मुलगी समीक्षा आणि रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, आबा. घरात खायची कधी ददात नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे आहे ते भुकेचं नाही.

चिक्कीच्या दुकानात, बेकरीत, मंगल कार्यालयात दिवसभर उभं राहणारं कुणीतरी हे वाचत असेल. मागच्या खोलीत दार लोटून खाणारं, मग तोंड पुसून बाहेर येणारं. त्या माणसासाठी लिहितोय. धीर द्यायला मात्र बसलेलो नाही. या आजारात मी काय काय केलं, ते सांगायला बसलोय. त्यातलं काही आजारानं केलं. काही मी केलं.

जॅकेट

रिसॉर्टनं कॅप्टन लोकांना नवीन जॅकेटं दिली आणि माझ्या जॅकेटचं बटण लागेना. सकाळच्या ब्रीफिंगला, सगळ्या स्टाफसमोर मॅनेजर म्हणाले, "दीपक, तू बुफे लावतोस की बुफे खातोस?"

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी नाश्ता सोडला. मग स्टाफचं अकराचं जेवणही सोडलं. सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत पोटात फक्त काळा चहा, आणि नाकासमोर तुपात परतलेला भात, गरम जिलेबी, पनीर. दोन आठवडे मी स्वतःवर फार खूश होतो.

मग पावसाळ्यातला एक शनिवार आला. मुंबई-पुण्याची गर्दी उसळलेली. दुपारी तीनच्या सुमारास मी एक भरलेला ट्रे घेऊन भांडी घासायच्या खोलीत गेलो. सगळ्यात वरच्या प्लेटीत रसमलाई होती, चमच्याचा एकच खड्डा पडलेली. मी ती खाल्ली. मग तिच्या शेजारची बिर्याणी. मग एका लहान मुलाचा अर्धा पिझ्झा, त्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. मग गार नूडल्स, कुणीतरी टिशू पेपर टाकलेल्या. तो कागद मी बाजूला केला आणि खाल्ल्या.

चव लागत नव्हती. थांबावं असं वाटत होतं आणि थांबता येत नव्हतं, एवढंच कळत होतं.

लोक विचारतात, ताजं का नाही खाल्लंस? ताज्यावर कॅमेरा असतो, शेफची नजर असते. परत आलेल्या प्लेटीकडं कुणी बघत नाही.

पण एक जण बघत होती. शेवंता मावशी. आंदर मावळातून रोज एसटीनं येणारी, पन्नाशीची, भांडी घासायला असलेली बाई. ती नळ बंद करून माझ्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "सायेब, माझ्या डब्यात भाकरी हाय. ती घ्या. हे नगा खाऊ."

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, कामाकडं लक्ष दे. वयानं एवढ्या मोठ्या बाईला मी तोवर कधी अगंतुगं केलं नव्हतं.

डबा

पुढं ते रोजचं झालं. दिवसभर उपास, तीन वाजता प्लेटा, घरी जाताना शपथ. घरी कुणाला कळू नये म्हणून मी सगळ्यांसमोर पोळ्या मोजक्या खायचो. आबा म्हणायचे, "पोरगं लय कमी खातंय." सुषमा काळजी करायची. माझं अंग मात्र फुगत चाललं होतं, आणि तिला वाटायचं थायरॉइड असेल.

सकाळची ड्यूटी नसली की समीक्षाला शाळेत मी सोडायचो. एक दिवस गाडी लावून तिचं दप्तर काढताना डब्याचा वास आला. तूप-साखर-पोळीचा. ती पुढं पळाली होती, मैत्रीण दिसली म्हणून. मी झाडामागं उभा राहून डबा खाल्ला, झाकण लावलं, दप्तर तिच्या पाठीवर चढवलं आणि तिला टाटा केला.

असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा शाळेतल्या बाईंनी सुषमाला फोन केला. मुलीला डबा का देत नाही, म्हणून.

सुषमानं मला विचारलं. मी म्हणालो, "वाटेतच खात असेल ती. मैत्रिणींना वाटत असेल."

समीक्षा म्हणाली, "मी नाही खाल्ला. डबा आधीच रिकामा होता."

सुषमानं तिच्या खाडकन थोबाडीत मारली. खोटं बोलते म्हणून. मी दारात बुटांना पॉलिश करत होतो. ब्रश थांबला नाही. समीक्षा रडत माझ्याकडं बघत होती. तिला तेव्हा माहीत होतं का, ते मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

शेवंता मावशी

हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात रिसॉर्टवर एक साखरपुडा होता. गाजर हलव्याचा मोठा ट्रे आदल्या दिवशीच करून कोल्ड स्टोअरमध्ये ठेवला होता. किल्ली शेफकडं आणि माझ्याकडं. प्लेटांवर माझं आता भागत नव्हतं. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दहाला मी आत गेलो, दार ओढून घेतलं आणि त्या थंडीत उभा राहून हातानं हलवा खाल्ला. बाहेर आलो तेव्हा ट्रे अर्धा झाला होता.

बारा वाजता बोंब झाली. शेफनं शपथा घेतल्या. मॅनेजरनं गेटवर सगळ्यांच्या पिशव्या तपासायला लावल्या. शेवंता मावशीची सकाळची पाळी संपली होती, ती निघालीच होती. तिच्या पिशवीत एक डबा निघाला. त्यात खरकटा भात होता, तिच्या कोंबड्यांसाठी. हलव्याचा एक कणही नव्हता. पण डबा निघाला, एवढं पुरलं. तिची पिशवी सगळ्यांसमोर फरशीवर उलटी केली. एक जुनं पातळ, औषधाची पट्टी, एसटीचा पास, भात.

"रोजचा भात नेतेस, तर हलवाही नेलास," मॅनेजर म्हणाले.

ती म्हणाली, "भाताची परवानगी हाय मला. दीपक सायबांनी दिलीया."

मॅनेजर माझ्याकडं वळले. "दिली होतीस?"

दिली होती. सहा महिन्यांपूर्वी, मीच. 'हो' एवढं म्हटलं असतं तर प्रश्न पुढं सरकला असता. मग किल्ली कुणाकडं होती, सकाळी आत कोण गेलं होतं, हे विचारलं गेलं असतं. मी म्हणालो, "मला आठवत नाही, सर."

"सायेब," ती म्हणाली, "आठवा की जरा."

मी खाली सांडलेल्या भाताकडं बघत राहिलो. तिला त्याच दिवशी काढलं. तिनं वाकून भात गोळा केला, डब्यात भरला, आणि गेटवरच्या माणसानं तो डबाही काढून घेतला.

त्या दुपारी साखरपुड्याच्या प्लेटा आल्या. मी खाल्ल्या.

निदानाचा दिवस

दोन महिन्यांनी मी बुफेच्या मागं कोसळलो. पोट दगडासारखं झालं होतं, श्वास घेता येईना. लोणावळ्यातल्या डॉक्टरांनी तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. नाकातून नळी घातली. एक तरुण डॉक्टर नळीतून आलेलं बघून म्हणाला, "काय काका, शर्यत लावली होती का?" शेजारच्या खाटांवरचे लोकही हसले. मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं, बरोबरच आहे.

वॉर्डातले दिवस सारखेच जायचे. सकाळी ताप बघायला सिस्टर, मग फरशी पुसणारी बाई, मग डॉक्टरांचा राउंड. दुपारी सगळ्यांचे डबे उघडले की मी भिंतीकडं तोंड करायचो. मला पाणीसुद्धा बंद होतं. शेजारच्या खाटेवर सुदुंबरे गावचे एक आजोबा होते. त्यांची सून मटणाचा रस्सा आणायची. एवढं सगळं होऊनही त्या रश्श्याच्या वासानं मी चादर मुठीत धरायचो. तेव्हा पहिल्यांदा मी खरा घाबरलो. मरणाला नाही. यातून वाचलो तर परत तेच करणार, याला.

चौथ्या दिवशी मानसोपचाराच्या मॅडम आल्या. स्टूल ओढून बसल्या, आवाज हळू. आबा पायथ्याशी बसले होते. मॅडमनी विचारलं, "वडील बाहेर थांबले तर चालेल?"

मी म्हणालो, "असू द्या. त्यांना कमी ऐकू येतं." उभा जन्म रुळांवर काम केलेला माणूस, त्यांना ऐकू जाणार नाही असं मी धरूनच चाललो होतो.

त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. जॅकेट, उपास, प्लेटा, दातांच्या खुणा असलेला पिझ्झा. डबा सांगितला. हलवा सांगितला. मावशीचं सांगितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "याला नाव आहे. बिंज इटिंग डिसऑर्डर. हा हावरटपणा नाही, आजार आहे. यावर उपचार होतात." मी ढसाढसा रडलो. दोन वर्षं मी स्वतःला कुत्रा म्हणत होतो, आणि या बाई सांगत होत्या की मी पेशंट आहे.

त्या गेल्यावर आबा उठले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गावात लगीन आसलं," ते म्हणाले, "की मांडवामागं खरकटं टाकायचे. आमच्या आधीच्या पिढीला ते उचलून आनावं लागायचं. त्यावर जगायचं. धम्माची दीक्षा घेतली आन् माझ्या आईनं सांगितलं, आता न्हाई. आमी चार भावंडं पानी पिऊन ऱ्हायलो. समोर मांडवात बुंदी वाढत व्हते. येक पोरगं हाललं न्हाई जाग्यावरनं."

 मग म्हणाले, "तुला कुनी उपाशी ठेवला व्हता रं?"

"आबा, हा आजार आहे."

"आसंल," ते म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. घरी गेले नाहीत. गावाला चुलत्यांकडं गेले. दोन आठवड्यांनी परत आले, तेव्हापासून ते माझ्यासोबत जेवायला बसत नाहीत. माझं ताट वाढलेलं दिसलं की उठतात. बाकी सगळं बोलतात.

उपचार

औषधांची नावं लिहीत नाही, तुमचे डॉक्टर वेगळे, तुमचा आजार वेगळा. मला काय शिकवलं ते सांगतो.

पहिली गोष्ट ऐकून मी मॅडमशी भांडलो होतो. उपास बंद. ड्यूटीआधी नाश्ता करायचा, अकराचं जेवण चुकवायचं नाही, खाल्ल्याची शिक्षा म्हणून पुढचं जेवण टाळायचं नाही. मला वाटायचं, आधीच एवढं खातो, त्यात आणखी? पण तीन वाजताचं ते भूत सकाळच्या रिकाम्या पोटातच तयार होत होतं. पोट भरलेलं असलं की ते येतं, पण दारात उभं राहतं.

दुसरी गोष्ट. झटका आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, जागा सोडायची. मी गेटवर जातो, वॉचमनशी काहीबाही बोलतो. दहा-पंधरा मिनिटं तिथंच काढतो. मग उतरतं. पहिल्या वेळी उतरलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

तिसरी. ताटात वाढून घेऊन, माणसांत जेवायचं. आणि पोट भरलं की थांबायचं. मला पोट भरल्याचं कळायचंच बंद झालं होतं, ते पुन्हा शिकावं लागलं.

सुषमाला मी डब्याचंही सांगितलं. ती आत गेली, झोपलेल्या समीक्षाजवळ बसली, जिथं मारलं होतं त्या गालावरून हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "तुझा आजार मी सांभाळीन. पण त्या दिवशी तू ब्रश खाली ठेवला नाहीस, ते माझ्यानं विसरलं जाणार नाही." ती बोलल्याप्रमाणं वागली. सकाळी पाचला उठून मला नाश्ता देते. विसरलेली नाही. समीक्षा आता शेजारच्या काकूंबरोबर शाळेत जाते, डबा दप्तरात न ठेवता हातात धरून.

चार महिन्यांत तीनदा मी पुन्हा प्लेटांवर तुटून पडलो. हे लपवणार नाही. पण आधी ते रोज होत होतं.

खळ्यावर

मावशीचं मी शेवटी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, तो आजार होता. त्या म्हणाल्या, "खाणं हा आजार होता. 'आठवत नाही' हा आजार नव्हता."

मी मॅनेजरना केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. ते दार लावून म्हणाले, "झालं ते झालं. आता हे बाहेर काढू नकोस. तुझंही नाव जाईल, माझंही." मी त्यांचं ऐकलं, सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच मला शिसारी आली.

भातकापणीच्या दिवसांत मी सकाळच्या एसटीनं आंदर मावळात गेलो. फाट्यापासून तासभर चाल. मावशी खळ्यावर भात झोडत होती. मला बघून थांबली नाही. पाणी विचारलं नाही.

"मावशी, मला आठवत होतं. परवानगी मीच दिली होती. आणि हलवा मी खाल्ला होता."

तिनं पेंढी आपटली. "ठावं हाय."

"कसं?"

"तुमच्या हाताला वेलचीचा वास येत हुता. माझ्या शेजारीच हुबे हुता की."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"कोन आयकनार हुतं? कॅप्टनचं खरं का भांडीवालीचं?"

मी आजाराचं सांगितलं. डॉक्टरांनी नाव दिलंय, म्हणालो. माझ्या हातात नव्हतं, म्हणालो. तिनं नवी पेंढी उचलली, पण आपटली नाही. पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"आसाल की आजारी. मी कुटं न्हाई म्हनते? तुमाला त्या घानेरड्या प्लेटा खाताना बगून माझं मन तुटत हुतं. पन मला चोर म्हनले, तवा मला कुनी आजारी म्हनलं न्हाई."



"माझी सून," ती म्हणाली, "मी घरात आसले की कपाटाला कुलूप लावती. किल्ली कमरंला. नातवासमोर. हितं खळ्यावर खरं सांगून काय व्हनार हाय? तितं सांगा. जितं माझी पिशवी उलटी केली, तितं."

ब्रीफिंग

पुढच्या सोमवारी सकाळच्या ब्रीफिंगला मी हात वर केला. मॅनेजरना वाटलं पाहुण्यांची काही तक्रार असेल. मी सगळ्यांसमोर सांगितलं. हलवा कुणी खाल्ला ते, परवानगी कुणी दिली होती ते. प्लेटांचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण अर्धं सांगितलं असतं तर मी उरलेल्या अर्ध्यात परत लपलो असतो.

कुणी हसलं नाही. मागं कुणीतरी "ई" केलं. एकानं मोबाइल वर धरला होता.

माझी कॅप्टनची जागा गेली. नोकरी राहिली, कारण हॉस्पिटलाची कागदं होती आणि माणसं मिळत नव्हती. आता मी नाश्त्याच्या वेळी अंड्याच्या काउंटरवर असतो. मावशीला रिसॉर्टनं बोलावणं धाडलं. ती आली नाही. तो मोबाइलमधला व्हिडिओ मात्र तिच्या गावापर्यंत गेला, असं कळलं. मी तिला फोन केला. तिनं उचलला.

"बगितला सुनंनं," ती म्हणाली. "कुलूप काडलं."

मी काहीतरी बोलू लागलो. तिनं तोडलं. "आता फोन करू नका, सायेब. तुमचा आवाज आयकला की मला ती फरशी दिसती." फोन बंद झाला.

मॅडमनी सांगितलं होतं, माणसांत जेवायचं. स्टाफच्या खोलीत आता मी ज्या टेबलावर बसतो तिथं कुणी बसत नाही. माझं पाण्याचं भांडंही कुणीतरी वेगळं काढून ठेवलंय. परवा भांडी घासायला नवीन बाई लागली. तिला काही माहीत नव्हतं. ती ताट घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, "आमटी तिखट हाय का वो?"

"नाही," मी म्हणालो. "चांगली आहे."

आम्ही चार घास खाल्ले असतील. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी तिला खुणावलं. ती गेली, वाकून ऐकलं. परत आली, माझ्याकडं न बघता ताट उचललं आणि तिकडं जाऊन बसली.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. खिडकीतून भांडी घासायच्या खोलीतली, नाश्त्याच्या परत आलेल्या प्लेटांची सगळी रॅक दिसत होती. ते भूत उठलं, मला कळलं. मी टेबल सोडलं नाही. आमटी-भात कालवला आणि सावकाश खात राहिलो.  मग पोट भरल्याचं मला कळलं. ताटात दोन घास भात उरला होता. तो तसाच ठेवून मी उठलो.